शेफालीबाईंचा मुक्काम

ग्रामसेवकानं ठरावाची वही उघडली, पेनाचं टोपण दातानं काढलं आणि विचारलं, "शाळेच्या शेफालीबाई गावातच राहतात, असं लिहू ना?"

सोनबा उठला. "खोटं कसं लिवायचं? बाई भोरवरनं येत्यात. दोन जिपा बदलून."

शेफाली शाळेतून तशीच येऊन सतरंजीच्या कडेला बसली होती. "मग तुमची खोली द्या. आजच राहायला येते."

"शनवारी गडावर येनारे एका रातीचं हजार देत्यात, बाई."

ग्रामसभा खळखळून हसली. खरं बोलायची हौस नेमकी त्यालाच, ज्याच्या चार खोल्यांना आठवडाभर कुलूप. गावात राहण्याचा ठराव झाला नाही तर शेफालीचा घरभाडं भत्ता बंद. भत्ता गेला की भोरची खोली सुटणार. आणि खोलीच सुटली तर रोज इथवर यायचं कुठून?

"बाई माझ्याकडं ऱ्हात्यात," रतनबाई म्हणाल्या.

हसणं थांबलं. म्हातारी भिंतीला टेकून, डोळे मिटून बोलत होती. "खिडकीखाली निजती. पहाटं उठून लांबसडक केस विंचरती, विंचरता विंचरता गुणगुणती. धुकं आत आलं तर म्हनती, येऊ द्या आत्याबाई, त्याला कुठं भाडं पडतंय."

शेफालीला ती खिडकी दिसली. पायाशी वाकळ, वाकळीवर हळूहळू उतरणारं धुकं. क्षणभर तिला तिथं झोपही लागली. मग तिचा हात आपसूक मानेवर गेला. तिचे केस कानाखाली चार बोटं, बस्स.

सोनबा खाली बघत होता. लांबसडक केस मंगलचे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मंगल रतनबाईंची सून. मुलगा स्वरूप तिला घेऊन हडपसरला गेला, त्याला चार वर्षं झाली. खोलीचं भाडं भागवून गावच्या गाडीखर्चाला उरेना. येणं आधी सणावर गेलं, मग नुसत्या फोनवर.

"लिवा की मग," सोनबा पुटपुटला. "रतनकाकूंकडं म्हनून."

बाहेर जीपवाला "कापूरहोळ, कापूरहोळ" ओरडत होता. शेफाली चढून बसली, तशा रतनबाई खिडकीशी आल्या. कमरेची पिशवी सोडून त्यांनी घडी घातलेल्या दोन नोटा तिच्या मुठीत कोंबल्या.

"मंगल, स्वरूपला म्हनावं, येन्याजान्याचं ह्यात भागंल. सणाची वाट बघू नगंस. येत्या आयतवारी ये."

शेफालीनं त्यांच्याकडं पाहिलं.

"सांगते," ती म्हणाली.

गाडी वळणावर आली तेव्हा जीपवाल्यानं भाडं मागितलं. मिटलेली मूठ तशीच मांडीवर ठेवून तिनं दुसऱ्या हातानं पर्स उघडली.