सात अंश

थर्मामीटरच्या खाली भिंतीवर तळहाताएवढा ओला डाग होता. त्याच्या कडेने एक पांढरी रेघ उमटली होती, तिच्या बाहेर आणखी एक, फिकट, आणि तिच्याही बाहेर तिसरी, दिसेल न दिसेल अशी. शारदाने सगळ्यांत बाहेरची रेघ नखाने खरवडली. खार बोटाला लागला. पाणी उडून जातं, त्यातला खार मागे राहतो. सातवीच्या मुलींना ती हे दरवर्षी शिकवत असे.

मग तिने डोळे पाऱ्याच्या सरळ रेषेत आणले आणि वहीत लिहिलं : १७ ऑक्टोबर १९५६, कमाल ९१ अंश फॅरनहाइट. पारा चढताना नळीतली लोखंडाची बारीकशी सळई वर ढकलतो, आणि उतरताना तिला तिथेच सोडून देतो. दिवसभरात ऊन कुठवर चढलं होतं, ते संध्याकाळी त्या सळईवरून कळतं. शारदाने लोहचुंबक नळीवरून फिरवून सळई पुन्हा पाऱ्याला टेकवली. उद्याचा दिवस मोजायला यंत्र तयार झालं.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरवर आज दुपारी अठ्ठ्याण्णव होतं. शाळाही याच इतवारा मोहल्ल्यात, घरापासून चारशे पावलांवर.

घरचं हे यंत्र दादाने आफ्रिकेतल्या मोंबासाहून एका येणाऱ्याबरोबर पाठवलं होतं, त्याला आता सात वर्षं झाली. दादा म्हणजे लीलाधर, तिचा थोरला भाऊ. तिथल्या रेल्वेत त्याने तीस वर्षं कारकुनी केली. बायको तिथेच वारली, मूलबाळ नव्हतं, गुडघे धरायला लागले होते. निवृत्तीनंतर राहायला योग्य जागा कोणती, हे नीट पाहून मगच ठरवायचं, असं त्याने मनाशी घेतलं होतं. जागांची एक यादीच केली होती. झांजिबार पाहून झालं : हवा फार दमट. नाकुरूचं पठार पाहिलं : दिवसा उत्तम, पण पहाटेच्या थंडीने गुडघे आखडतात. मॉरिशसला तर रजा काढून दीड महिना राहून आला; तिथे वादळं फार. त्या यादीत बऱ्हाणपूर सातवं होतं. पहिल्याच पत्रात त्याने लिहिलं होतं, ‘उन्हाळ्यात पारा एकशे पाचच्या वर जात नसेल तर आपल्या गावाचाही विचार करता येईल. तू रोजच्या नोंदी ठेव. तुझ्याइतकं नेमकं हे काम दुसरं कोणी करणार नाही.’

ते पत्र शारदाने आईला वाचून दाखवलं होतं. आईला, धुरपदाबाईला, अक्षर येत नव्हतं. जसोंडीच्या शेतकऱ्याघरची ती लेक, शाळा तिच्या वाट्याला आली नव्हती. पण एकशे पाच हा आकडा तिने बरोबर लक्षात ठेवला असावा.

दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा शारदा डोकं दुखतं म्हणून दुपारीच घरी आली. वरच्या गॅलरीत आई पाठमोरी उभी होती. थर्मामीटरच्या वरच्या खिळ्याला तिने ओलं फडकं अडकवलं होतं आणि तांब्यातलं पाणी ओंजळीने भिंतीवर मारत होती, देवाच्या पिंडीवर घालावं तसं, हळूहळू. शारदा जिन्यातूनच मागे फिरली. संध्याकाळी तिने वर जाऊन पाहिलं तेव्हा फडकं नव्हतं, भिंत अर्धी सुकली होती आणि सळई एकशे तीनवर होती.

तिने एकशे तीन लिहिलं. यंत्रावर जे दिसलं ते लिहिलं. त्या दिवसापासून प्रत्येक महिन्याचा तक्ता ती तशीच पाठवत आली. आईला ती एका शब्दाने बोलली नाही. दादा आला तर आईजवळ कोणीतरी असेल आणि मग आपल्याला कुठेही जाता येईल, हे तिने स्वतःशीसुद्धा कधी उघडपणे म्हटलं नव्हतं.

आता म्हणायची वेळ आली होती. पहिल्या नोव्हेंबरला जुना मध्य प्रदेश मोडून नवी राज्यं होणार होती. बऱ्हाणपूर इकडे, नव्या मध्य प्रदेशात, अमरावती तिकडे, मुंबई राज्यात. कोणत्या राज्यात नोकरी करायची, याचे विकल्प सरकारी नोकरांकडून मागवले होते. अमरावतीच्या अध्यापिका विद्यालयात विज्ञान शिकवायला बाई हवी होती, आणि मुख्याध्यापिका निर्मलाबाईंनी शारदाचं नाव स्वतःहून सुचवलं होतं. फॉर्म तीन आठवडे शारदाच्या पिशवीत होता. घडीवर तो फाटायला आला होता.

“शारदाबाई, सोमवारी सकाळी माझी डाक जाते,” निर्मलाबाई गुरुवारी म्हणाल्या. “कोरा दिलात तर तुम्ही इथेच राहणार, असं धरतील. मग जबलपूर म्हणोत की छिंदवाडा, जावं लागेल.”

“हो बाई.”

“भावाचं काही कळलं?”

“पत्र यायचंय.”

“तीन वर्षं मी हेच ऐकतेय,” निर्मलाबाई म्हणाल्या आणि हजेरीपुस्तकाकडे वळल्या.

पत्र त्याच दिवशी आलं होतं. शारदा घरी पोचली तेव्हा शेजारच्या सरुबाई ओट्यावर आईजवळ बसल्या होत्या आणि निळं हवाई पत्र आईच्या मांडीवर होतं. दाराला दसऱ्याचं तोरण अजून तसंच होतं. झेंडूची फुलं वाळून काळी पडली होती.

“घ्या, आल्या मास्तरीणबाई,” सरुबाई म्हणाल्या. “वाचा बरं लवकर. तुमच्या दादानं आता कोणतं गाव पाह्यलं? मी काकूंना तेच म्हणून राहिली होती, लोकं पोरी पाहत फिरतात, हा माणूस गावं पाहत फिरतो. अन् एक पसंत पडंल तर शपथ!”

“पडंल,” आई म्हणाली. “तुमच्या सुधाकरनं किती पोरी पाह्यल्या होत्या?”

“सतरा. पण अठरावी केली ना त्यानं! तुमचा कवा करतो?”

आई हसली. तिचे पुढचे दोन दात गेल्यापासून ती हसताना पदर तोंडाशी धरायची. सरुबाई उठल्या, जाता जाता शारदाला म्हणाल्या, “काही गोड असलं तर मला हाक मार. नसलं तरी मार.”

शारदाने पत्र काळजीपूर्वक उघडलं आणि नेहमीसारखं पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं. चिरंजीव शारदेस आशीर्वाद, आईस साष्टांग नमस्कार. मार्चमध्ये निवृत्त झाल्यापासून दादा एका दोस्ताच्या मागच्या खोलीत राहत होता. खोली चांगली होती पण दोस्ताचा मुलगा आता लग्नाला आला होता. गेल्या महिन्यात दादा लिमुरू म्हणून एक ठिकाण पाहून आला. चहाचे मळे, गार हवा, पाणी गोड. ‘पण डॉक्टर अकरा मैलांवर. सगळीकडे काहीतरी एक कमी पडतं. कधी कधी वाटतं, मी जागा पाहतो आहे की जागा मला पाहून नको म्हणते आहे.’

“असं काहून लिहितो तो?” आई म्हणाली.

“गंमत करतोय.”

“गंमत नाही ती. पुढं वाच.”

पुढची ओळ शारदाच्या नजरेने आधीच वाचली होती. पत्राची घडी तिने अंगठ्याने सरळ केली.

“पुढं वाच ना.”

“‘तुझ्या सात वर्षांच्या नोंदी,’” शारदा वाचू लागली, “‘मी हवामान खात्याच्या खंडव्याच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. खंडव्यापेक्षा बऱ्हाणपूर सात अंशांनी थंड असणं शक्य नाही. यंत्रात दोष असावा. दोष मोठा नाही, पण त्यामुळे बऱ्हाणपूरबद्दल काहीच ठरवता येत नाही. दुसरा थर्मामीटर पाठवण्याची व्यवस्था करतो. येत्या जानेवारीपासून नवं एक वर्ष पूर्ण नोंद कर. मग आपण ठरवू.’”

रस्त्यापलीकडच्या घरात माग चालू होता. त्याची खटखट एकदा थांबली, तुटलेला धागा जोडून झाला असावा, आणि पुन्हा सुरू झाली.

“दोष म्हणजे?” आईने विचारलं.

“बिघाड.”

“मशीन बिघडली आपली?”

“नाही. चांगली आहे.”

“मग तसं लिही त्याले. चांगली आहे म्हणा.”

“मग तो विचारेल, आकडा कमी का येतो.”

आईने दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. बोटांच्या टोकांची कातडी पाण्याने सुरकुतलेली होती, दिवसाच्या या वेळी असायची तशी. तिने पदराने एकेक बोट पुसलं, कोरडीच होती तरी.

“आन् नवीन वर्ष म्हणजे?” ती म्हणाली. “पुढची दिवाळी?”

“पुढची दिवाळी. त्याच्यानंतरचा जानेवारी.”

“मी चौऱ्याहत्तरची झाली ना गं?”

“पंचाहत्तर लागलंय.”

आईने पत्र मागून घेतलं आणि देवाच्या फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात नेऊन ठेवलं. डबा भरत आला होता. झाकण बसवायला तिला तळहाताने दाबावं लागलं.

शुक्रवारी कमाल ९२ आलं. डाग ओला होता.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणानंतर शारदाने फॉर्म बाहेर काढला, नाव, हुद्दा, जन्मतारीख भरली आणि विकल्पाची ओळ कोरी ठेवून परत पिशवीत घातला. आई भांडी पालथी घालत होती. वर न बघता म्हणाली, “अमरावतीले पाणी कसं आहे?”

“विहिरी आहेत. नळ आहे.”

“तू जा. मी राहते इथं.”

“एकटी?”

“सरुबाई आहे ना.” मग तिने नेहमीचं वाक्य म्हटलं, गेली तीन वर्षं गाव सोडायचा विषय ज्या वाक्यापाशी येऊन थांबत असे ते. “तो आला आन् दाराले कुलूप दिसलं तर?”

शारदाने पिशवी खुंटीला अडकवली.

शनिवारी शाळा दुपारीच सुटली, पण शारदा प्रयोगशाळेत बसून राहिली. आवरायचं काही नव्हतं. परीक्षानळ्या मुलींनी स्वच्छ धुऊन उपड्या घातल्या होत्या. भिंतीवरचा पारा अठ्ठ्याण्णववर होता. पाणी उडताना आजूबाजूची उष्णता घेऊन जातं. माठ गार का राहतो, हा प्रश्न ती दरवर्षी परीक्षेत घालायची आणि भिंतीवर पाणी मारणाऱ्या हाताचं काय, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. आता बिघाड मान्य करायचा आणि नव्या यंत्राची वाट बघायची, की खरं लिहायचं? खरं लिहिलं तर सात वर्षांचं सगळंच कळवावं लागेल, आणि दोघींचं कळवावं लागेल. पाच वाजता तिने खिडक्या लावल्या आणि घरी गेली.

आई ओसरीवर सुपात तूरडाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. शारदा चपला काढून तशीच वर गेली.

खिळ्याला फडकं नव्हतं. भिंतीला हात लावला तर ती गरम आणि कोरडी ठणठणीत होती. पांढऱ्या रेघा एकात एक अशा तिन्ही स्पष्ट दिसत होत्या, लाकडाच्या चकतीवर वयाची वर्तुळं दिसावीत तशा. तांब्या गॅलरीच्या कोपऱ्यात पालथा घातलेला होता.

शारदा बराच वेळ सळईकडे पाहत राहिली. मग लोहचुंबक न फिरवताच, वही घेऊन खाली आली.

“किती आलं?” आईने विचारलं.

सात वर्षांत तिने आकडा कधी विचारला नव्हता.

“अठ्ठ्याण्णव.”

“म्हणजे ज्यादा?”

“नाही. असतं तेवढंच.”

आईने डाळीतला एक खडा शोधून काढला, बोटांत धरून उजेडात पाहिला आणि ओसरीच्या बाहेर टाकला.

“मग तेच लिही त्याले,” ती म्हणाली. “दुसरी मशीन नको म्हणा.”

शारदाने लिहिलं. आकड्याखाली तिची पेन्सिल थोडी थांबली. मग तिने उठून खुंटीवरची पिशवी काढली, फॉर्म उलगडून वहीवर ठेवला आणि आईच्या शेजारी, सुपाच्या अलीकडे, खाली बसली.

“तो आला आन्...” आईने सुरुवात केली. तिने सूप हलवलं, डाळ एका बाजूला सरकली.

“किल्ली सरुबाईंकडे ठेवू,” शारदा म्हणाली. “आई, मी अमरावती लिहितेय. आपण दोघी जातोय.”