लोण्याआधीची तारीख

बाबा पीठ बोटानं ओळखायचे. मळलेल्या गोळ्यात तर्जनी रुतवायची, काढायची आणि खळगा किती वेळात भरतो ते बघायचं. "लोणी जास्त झालंय, लाडावलंय," म्हणायचे. बेकरीवाल्याच्या मुलीला एवढं तरी कळतं, की स्निग्धांश वाढला की पीठ मऊ पडतं. माझी चूक तिथूनच सुरू झाली.

आतड्याच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर बाबांची अन्नावरची वासनाच उडाली. पावाच्या कडा कापून, वर बोटभर लोणी थापून मी दिलेला तुकडा तेवढा खायचे. ताईनं तेलकट-तुपकट बंद केलं होतं, त्यामुळे हा उद्योग ती कामावर गेली की चालायचा. चार महिन्यांनी बाबा एकदा सहज म्हणाले, "यकृतातही पोचलंय म्हणे." सातव्या महिन्यात ते गेले.

पुढे एका मासिकात वाचलं की कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा निरोगी पेशींपेक्षा मऊ असतात, त्यामुळे अरुंद वाटांतून निसटू शकतात, आणि हा मऊपणा काही अंशी त्यांच्या आवरणातल्या स्निग्ध रेणूंवर अवलंबून असतो. मी मासिक मिटलं. ताईला काही बोलले नाही. लोण्याचा डबा मात्र उघडवेना.

बाबांच्या गाठीचा नमुना एका प्रयोगशाळेत असल्याचं हॉस्पिटलमधून कळलं होतं. पत्र लिहून मी वेळ मागितली.

संशोधक बाई माझ्याहून लहान होत्या. चष्मा कपाळावर, आणि तो शोधण्यात पहिली दोन मिनिटं गेली. मग त्यांनी पडद्यावर एक पेशी दाखवली. वरून एक सूक्ष्म टोक तिच्यावर टेकत होतं.

"हे किती रुततं त्यावरून पेशी किती ताठ ते कळतं."

"बोटानं पीठ बघतात तसं."

"अगदी. आवरणातलं कोलेस्टेरॉल कमी-जास्त केलं की आकडा बदलतो."

"आणि खाल्लेलं लोणी?"

त्यांनी पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "किती?"

"रोज. बोटभर."

"लोणी पावावरून उठून थेट पेशीवर जाऊन बसत नाही. मध्ये पोट आहे, रक्त आहे. शिवाय या पेशी आपली चरबी स्वतःही बनवतात. आहाराचा काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही, त्यावर अजून काम चाललंय. पण तुमच्या वडिलांपुरतं बघू. लोणी कधी सुरू केलंत?"

"ऑपरेशननंतर, घरी आणल्यावर."

त्यांनी फाइलमधला कागद माझ्याकडे फिरवला. नमुना: यकृतातली गाठ. तारीख ऑपरेशनच्याच दिवसाची. खाली, नमुना संशोधनाला द्यायला संमती म्हणून बाबांची सही, तीन दिवसांनंतरची. अक्षरं वाकडी आली होती, पण सहीखालची आडवी रेघ नेहमीसारखी ऐटीत.

"म्हणजे तेव्हाच पसरलं होतं?"

"हो. आणि आम्ही मोजल्या त्या याच पेशी. तेव्हाच मऊ होत्या. लोण्याला पोचायला उशीर झाला."

मला हसू आलं, आणि मग बराच वेळ दुसरं काही आवरेना. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि त्या चष्मा पुसत बसल्या. बाबांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून चार महिने तोंडातून अवाक्षर नाही, आणि रोज सकाळी मला म्हणायचे, "हात आखडू नकोस, थाप अजून."

बाहेर येऊन, जिन्यातच बसून ताईला फोन लावला. आधी तारखेचं सांगितलं, मग लोण्याचं.

"लोण्याचं माहीत होतं मला," ताई म्हणाली.

"कसं?"

"रोज संध्याकाळी पावाच्या डब्यात नुसत्या कडा असायच्या. कोण संपवायचं त्या, असं वाटतं तुला?"

"मग बोलली का नाहीस?"

"खात होते ना गं ते. तू एवढे दिवस हे घेऊन बसली होतीस? वेडी आहेस." मग नाक ओढल्याचा आवाज आला. "घरी ये आता. लोणी आहे, पाव तेवढा घेऊन ये."