अहवालातून गळालेली माणसं

मित्रांनो, लांबून पाहिलंत तर टेबलावर काळा खेकडा बसलाय असं वाटेल, पण मी आहे मीटिंगचा एक जुना फोन. मला रिसीव्हर नाही. तीन पाय आहेत, प्रत्येक पायाच्या टोकाला एक कान आणि मधोमध तोंड. खोलीभर माणसं बसली तरी मी सगळ्यांचं ऐकतो. डोळे मात्र मला नाहीत, म्हणून ही गोष्ट ऐकली तशीच सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. तपासणीच्या वेळी एक बाई माझ्यातून "हॅलो, हॅलो" म्हणाली आणि हसली. तेवढंच माझं बालपण. तिथून मी कॉव्हेंट्रीतल्या एका विद्यापीठात आलो, वैद्यकीय संशोधनाच्या विभागात. नवा होतो तेव्हा काय कौतुक! लोक उगाचच मला लांबलांबचे नंबर लावून पाहायचे. पुढे सवय झाली. माझ्या पाठीवर बिस्किटांची बशी आली. खुर्च्या सरकवताना माझी तार चाकाखाली चेंगरायची. वायर खिळखिळी झाली, पण कुणी लक्ष दिलं नाही.

दोन हजार सहा सालच्या हिवाळ्यात अक्षया देवपुजारी माझ्या खोलीत बसायला लागली. मूळची नागपूरची, वर्क व्हिसावर आलेली, आकडेवारीतली हुशार मुलगी. हार्ट अटॅकनंतर व्यायामाच्या वर्गाला जाणाऱ्या रुग्णांना फायदा होतो का, हे त्या संशोधनात पाहायचं होतं. माहिती गोळा करून झाली होती. उरला होता शेवटचा अहवाल आणि निधी देणाऱ्यांसमोरचं प्रेझेंटेशन. त्यांना ते पटलं तर प्रोजेक्ट पुढे चालणार होतं आणि त्याबरोबर अक्षयाची नोकरीही.

निकाल तर छान होता. वर्गाला जाणाऱ्यांची तब्येत सुधारलेली दिसत होती. तरी अक्षयाच्या जिवाला चैन नव्हतं. पेनाचं टोक टकटक वाजायचं, ती उठायची, खिडकीपर्यंत जायची, परत यायची. बरेच रुग्ण वर्ग अर्धवट सोडून गेले होते. अहवालात त्यांच्यासाठी एकच वाक्य होतं : 'पुढील माहिती उपलब्ध नाही.'

"हेलन, ही माणसं गेली कुठे?" तिने एकदा विचारलं.

डॉक्टर हेलन प्रॉक्टर म्हणजे प्रोजेक्टच्या प्रमुख. "प्रत्येक अभ्यासात थोडी गळतात," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे एकच आठवडा आहे. स्लाइड्स संपव."

स्लाइड्स बाजूला ठेवून अक्षयाने मला जवळ ओढलं. फोन करायची परवानगी रुग्णांनी आधीच दिलेली होती, पण तो फोन कुणी केलाच नव्हता. काही नंबर बंद निघाले. एका मुलीने सांगितलं, बाबा मार्चमध्येच गेले. अक्षया "आय अ‍ॅम सो सॉरी" म्हणाली आणि तिने पुढचा नंबर लावला.

मग एक खणखणीत म्हातारा आवाज आला. "देवपुजारी? म्हणजे नागपूरच्या का तुम्ही?"

ते होते पुरुषोत्तम नाडकर्णी. गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे.

"हो काका. तुम्ही व्यायामाला यायचं का थांबवलंत?"

"मी कुठे थांबवलं, बाळ? दोन बस बदलायच्या, मग हॉलपर्यंत तो चढ. दोनदा मध्येच बसलो, तिसऱ्यांदा निघायचा धीर झाला नाही. त्यानंतर पुन्हा हॉस्पिटलात राहून आलो. मला वाटलं, कुणीतरी विचारेल."

पुढच्या फोनांमधूनही असंच काहीसं ऐकू येत गेलं. ज्यांची तब्येत ढासळली होती, तेच गळाले होते. त्यांना हिशेबात घेतल्यावर वर्गाचा फायदा अगदीच बेताचा उरला.

"हे आत्ता सांगतेस?" हेलनचा आवाज चढला. "यावर तुझी नोकरी आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. झोप लागत नाही मला. पण हे लपवून उभी राहिले तर कधीच लागणार नाही."

कागद उलटल्याचे आवाज आले. शेवटी हेलन म्हणाल्या, "ठीक आहे, घाल अहवालात. पण सांगायचं तू, तुझ्या तोंडाने."

प्रेझेंटेशनच्या दिवशी मी टेबलाच्या मधोमध होतो. निधी देणाऱ्या पाहुण्यांना माझ्यातून एका रुग्णाचं म्हणणं ऐकवायचं ठरलं होतं. नाडकर्णीकाका आनंदाने तयार झाले होते. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली, "गुड मॉर्निंग. आय वॉन्ट टु से..." तेवढ्यात कुणीतरी खुर्ची सरकवली. तार ओढली गेली, लाइन तुटली आणि माझा आवाजच गेला; कान तेवढे शाबूत राहिले.

मित्रांनो, आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"म्हणजे तुमचा वर्ग फसला?" अक्षयाने मांडलेले आकडे ऐकून एका पाहुण्याने विचारलं.

अक्षयाने उत्तर दिलं, "नाही, सर. जे पोचले त्यांना उपयोग झाला. ज्यांना सर्वांत जास्त गरज होती, ते पोचू शकले नाहीत. आम्ही त्यांना विचारायला उशीर केला." टाळ्या पडल्या नाहीत. कागद आवरल्याचे आवाज आले, दार लागलं.

सगळे गेल्यावर एक खुर्ची माझ्याजवळ आली. कुणीतरी माझी वायर नीट बसवली आणि नंबर लावला.

"मिस्टर नाडकर्णी? मी हेलन प्रॉक्टर. तुमचं बोलणं मघाशी तुटलं. तुम्ही काय सांगत होतात?"

काका सांगत राहिले. हेलन एकदाही मध्ये बोलल्या नाहीत.

प्रोजेक्टला पुढचं वर्ष मिळालं नाही. काही आठवडे धाकधुकीत काढल्यावर अक्षयाला ब्रिस्टलमध्ये काम मिळालं. निरोपाला आली तेव्हा सांगत होती, काकांच्या घराजवळच्या लायब्ररीत हेलनने एक छोटा वर्ग सुरू करवलाय आणि काका चालत जातात. माझ्या जागी नवा फोन आला. मी आता कपाटात आहे.

मित्रांनो, यंत्रांच्या तारा चाकाखाली घेऊ नका, त्यांनाही निगा लागते. आणि बोलता बोलता कुणाचा फोन तुटला, तर तो पुन्हा करील म्हणून वाट पाहत बसू नका. आपणच लावा.