रिकाम्या खाटा

अलिबागच्या शहाण्यासुरत्यांनी डॉक्टर दिनानाथ घरतांना केव्हाच वेड्यात काढलं होतं. मिठाच्या जुन्या गोदामात दवाखाना ठीक, पण मेडिकल कॉलेज? दिनानाथांना त्याचं काही नव्हतं. कॉलेजाला लागतात तेवढे रोगी वॉर्डात होते, आणि त्यात तपासणीपुरता भाड्यानं आणलेला एकही नव्हता. साठ साली मुंबईहून तपासणीचे साहेब आले, तेव्हा त्यांनी छाती काढून वॉर्डाचं दार उघडलं.

आत सगळ्या खाटा रिकाम्या, आणि माणसं भिंतीला टेकून उभी.

"रोगी कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

दिनानाथांना हसू आवरेना. "हेच रोगी. तुम्ही आलात म्हणून उठले. पाहुणा उभा असताना आमच्याकडे कुणी पडून राहत नाही."

साहेबांचा चेहरा काही सैल झाला नाही. असली सोंगं त्यांनी गावोगाव पाहिली होती. तेवढ्यात प्लास्टरमधला पाय अधांतरी धरून उभी असलेली ठमाबाई म्हणाली, "बसा ना सायेब, खाट मोकली केलीय."

साहेब बसले. चादरीवर हात टेकला, तर ती उबदार लागली. ते उठले आणि शेजारच्या खाटेवर हात ठेवला. तीही उबदार. तिसरी त्यांनी पाहिलीच नाही. ठमाबाईला दंडाला धरून त्यांनी परत खाटेवर बसवलं.

पुढच्या जूनमध्ये कॉलेज उघडलं. पहिल्या तासाला दिनानाथांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.

"रोगी आत आला की उठून उभं राहायचं," ते म्हणाले. "या कॉलेजासाठी एक बाई मोडलेल्या पायानं उभी राहिलीय."