मायच्या घाटाचं गाणं

नागपूरच्या लोकगीतांच्या स्पर्धेला खरं तर भागीरथा जायचीच नव्हती. तिचा नवरा वारलू गावच्या दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या मंडळात, ढोलकी वाजवायचा, आणि दंडारीतल्या गाणाऱ्याला ऐन वेळी ताप भरला. जो जिंकेल त्याचं गाणं रेडिओवर लागणार होतं, त्यामुळे कोणालाच माघार घ्यायची नव्हती. तेव्हा वारलू म्हणाला, "माही बायको धानाच्या रोवन्यात गाते. तिलेच नेऊन पाहू."

ब्रह्मपुरीकडच्या त्या गावातून ती नागभीडला अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत बसली, तेव्हा तिला वाटत होतं की आपण गर्दीत कुठेतरी मागे उभं राहू. पण मंचावर तिला एकटीलाच पुढे केलं. घाबरून तिने डोळे मिटले आणि स्वतःचंच एक गाणं म्हटलं.

*नाव हळू ने रे भाऊ, पानी डहुळू नको,*
*मायच्या घाटाले मले उतरवू नको.*
*घाटावर उभी कोन, तूच पाह्य भाऊ,*
*माय नाई तिथी, मी कायले पाहू.*

माय वारली त्या वर्षी वैनगंगा ओलांडून आरमोरीकडच्या माहेरी जाताना, डोंग्यात बसल्या बसल्या तिने ते जुळवलं होतं. पहिला नंबर तिचाच आला. रिबिनीचं चांदीचं पदक गळ्यात पडलं आणि त्या आठवड्यात चांद्यापासून वडशापर्यंत जिथे जिथे रेडिओ होता तिथे तिचा आवाज गेला. भागीरथेने तो ऐकला नाही. त्या वेळी ती बांधीत धान कापत होती.

दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू झाले आणि वडशाहून गुणवंतराव आले. त्यांची नाटक मंडळी होती. खाटेवर बसून त्यांनी चहा घेतला आणि वारलूला सोडून थेट तिलाच विचारलं, "बाई, नाटकात काम नोको करू. पडदा बदलतो तवा पुढं उभं राहून गाय. तुहा नवरा ढोलकीवर राह्यल. इज्जतीनं नेतो, इज्जतीनं आनतो."

ती गेली. गावोगावच्या मंडईत तिच्या नावाची दवंडी पिटली जाऊ लागली. तिने नवी गाणी जुळवली, वाघाने नेलेल्या गोऱ्ह्याचं, बल्लारपूरच्या कागदाच्या कारखान्यात बांबू घेऊन जाणाऱ्या दिराचं. लोक ती शांतपणे ऐकून घेत आणि मग मागून कोणीतरी म्हणे, "आता नाववालं होऊ द्या." नाववालं झालं की बाया पदराने डोळे पुसत. भागीरथेला कळेना, आपल्याला गाणं येतं की फक्त ते एक गाणं येतं.

असाच दुसरा हंगाम चालू होता. कुरखेड्याकडे जाताना जंगलात मंडळीच्या बंडीचा आस मोडला. दुपारची वेळ. गाडीवान सुताराच्या शोधात गेला आणि बाकीचे जवळच्या गोंडांच्या पाड्यावर जाऊन सावलीला बसले. एका अंगणात सोमारी नावाची म्हातारी उखळात धान कांडत होती आणि मुसळाच्या ठेक्यावर काही गुणगुणत होती. शब्द गोंडी होते. चाल मात्र भागीरथेने पहिल्याच ओळीला ओळखली, आणि तिच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

म्हातारीची सून मंगली बाजूला सूप घेऊन पाखडत होती. भागीरथेने तिला विचारलं, "बुढी काय म्हनून राह्यली?"

"काई नाई, जुनंच आहे. डोंगेवाल्याले सांगते, यायाच्या, म्हंजे मायच्या, घाटावर नाव लावू नोको."

"काऊन नोको?"

"याया मेली ना तिची. थे आता तिथी नाई."

भागीरथा अंगणातच खाली बसली. "हे गानं इथी कोनं आनलं?"

मंगलीने सासूला गोंडीत विचारलं. म्हातारीने कांडण थांबवलं नाही, मुसळ उचलता उचलता एवढंच सांगितलं की तिची आजी म्हणायची. मग मंगली हलक्या आवाजात म्हणाली, "बुढी काईबी सांगते, बाई. मांगच्या साली मंडईत तुमचावाला नाटक पाह्यला तिनं. तिथीच आयकलं असन."

म्हातारीला मराठी समजत असावी. ती म्हणाली, "मंडईत गेली होती. लवकर झोपली."

एवढं बोलून ती पुन्हा गाऊ लागली. भागीरथेला राग यावा असं त्यात काहीच नव्हतं. उलट म्हातारीच्या तोंडी ते गाणं जास्त चांगलं बसत होतं, जसा जुना जोडा पायाला बसतो.

रात्रीच्या खेळात गुणवंतरावांनी नेहमीसारखं "भागीरथाबाईचं स्वतः रचलेलं गाणं" असं म्हटलं आणि तिला पुढे पाऊल टाकवेना. गायली, पण मान खाली घालून. सकाळी तिने वारलूला विचारलं, "थे गानं माहंच आहे ना?"

"म्हंजे? माह्यासमोर जुळवलं तू. डोंग्यात मी तुह्या बाजूलेच बसलो होतो."

"मी जुळवलं का मले आठवलं, हे तुले कसं दिसलं?"

वारलू ढोलकीची दोरी ताणत होता. त्याने ती आणखी एक वेढा ताणली आणि ठोका देऊन पाहिला.

हंगाम संपल्यावर ती माहेरच्या गावी मावशीकडे गेली. शकुबाई मावशी आता थकली होती. भागीरथेने तिला गाणं म्हणून दाखवलं आणि विचारलं, "माय हे म्हनायची का?"

"तुही माय? तिले कुठी गाता येत होतं. दळताना मातर काई तरी गुनगुनायची. ओठ मिटून. शब्द कोनाले समजले नाई."

"चाल हेच होती?"

"असन बी. नसन बी. जात्याच्या घरघरीत मले सारं सारखंच वाटे."

लहानपणी गोंडांच्या पाड्यांवरच्या बाया मोहफुलं घेऊन आपल्या गावात यायच्या, हेही भागीरथेला तिथेच आठवलं. त्या मायजवळ बसायच्या. पण त्या गायच्या का? आठवत नव्हतं, आणि आठवण्याचा जोर केला की त्या गाऊ लागायच्या. मग तिने आठवणंच सोडलं.

त्या पावसाळ्यात तिने एकही गाणं जुळवलं नाही. रोवण्यात ओळ सुचायची, पण लगेच वाटायचं, हीही कोणाची तरी असेल, आणि ती ओळ चिखलातच राहायची. बाजूच्या बाया म्हणायच्या, रेडिओवर गेली तर आता आमच्यात गात नाही. गुणवंतराव भेटायला आले तेव्हा तिने सगळं सांगितलं. ते ऐकून विचारात पडले. "बाई, लोक रडतात थे तं खरं आहे ना?" "खरं आहे." "मंग मी तुहं नाव घेत नाई. नुसतं गाय." त्यांनी शब्द पाळला. पण नाव घेतलं नाही तरी लोक ते गाणं तिचंच समजत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात नागपूरच्या रेडिओ केंद्रावरून बोलावणं आलं. तिचं तेच गाणं पुन्हा, नीट, मोठ्या यंत्रावर घ्यायचं होतं. टेबलामागे एक सभ्य गृहस्थ बसले होते. त्यांनी टाक उचलून विचारलं, "बाई, रचना कोणाची?"

वारलूने तिच्याकडे पाहिलं. तो "हिचीच" म्हणणार हे तिला दिसत होतं. त्याच्या आधी ती म्हणाली, "अर्धी माही असन."

"आणि अर्धी?"

"थे मले ठाव नाई."

"पारंपरिक लिहू का?"

"थेही ठाव नाई, साहेब. खोटं नोको लिहू."

गृहस्थांनी टाक खाली ठेवला. ते रागावले नाहीत, नुसते गोंधळले, तिच्याइतकेच. "बरं, मी जागा मोकळी सोडतो," ते म्हणाले. "तुम्ही गा."

खोलीत भिंतींना जाड कापड लावलेलं होतं आणि आवाज तोंडातून निघून तिथेच विरत होता. दोन कडवी झाली. ठरल्याप्रमाणे तिने थांबायला हवं होतं. वारलूने ढोलकीवर शेवटचा ठोका दिलाही, पण ती थांबली नाही आणि त्याला पुन्हा ठेका धरावा लागला.

*नाव गेली पुढं, घाट मांग राह्यला,*
*कोनाचा आवाज होता, कोनं नाई पाह्यला.*

बाहेर ऊन कडक होतं. झाडाखाली उभं राहून वारलूने घाम पुसला. "थे शेवटचं कडवं कवा जुळवलं?"

"आताच. गाता गाता आलं."

"मंग थे तं तुहं आहे. पक्कं."

भागीरथेने थोडा विचार केला. म्हातारी सोमारीच्या गाण्यात तिसरं कडवं आहे का, हे तिने विचारलंच नव्हतं.

"असन," ती म्हणाली, आणि दोघं छोट्या गाडीच्या स्टेशनाकडे चालू लागली.