गोठ्यातला बल्ब

बायको, सारजाबाई, गेल्याचं मानसिंगआबांना उसाला पाणी देताना कळलं. त्या दिवशी पहाटे वीज नव्हती. गोठ्यात धारा काढताना तिच्या बोटाला काहीतरी चावलं. "मुंगळा आसंल," म्हणत तिनं बोट पदराला पुसलं आणि दूध डेअरीला पाठवून दिलं. दुपारी शेजारचा संभाजी बांधावरून आला आणि त्यानं आबांच्या हातातलं खोरं काढून घेतलं.

"आरं, पाळी माझी हाय."

"आसू द्या, आबा. घरी चला. वैनीला बारामतीला नेलं हुतं..."

मण्यार चावली होती, असं डॉक्टर म्हणाले.

आता त्याच गोठ्यात पहाटे सून, सुप्रिया, जात होती. महिना उलटला तसा आबांनी मुलाला, रविराजला, सांगितलं, "इन्व्हर्टर बशिवायचा. लाईट गेली तरी गोठ्यात उजेड पायजे."

इंदापूरचा बिरदेव मिस्त्री वही घेऊन आला. किती बल्ब, किती पंखे, किती तास, असं विचारत खोल्या फिरला. आबा त्याच्या मागं मागं. माणूस बल्ब मोजतोय की घर हेरतोय, कळत नव्हतं.

"टीव्ही, दोन बल्ब, एक पंखा," बिरदेवनं लिहिलं.

"पयला गोठा लिव."

"गोठा? गायींस्नी शिरियल दावायची व्हय?"

सुप्रियानं त्याच्याकडं बघितलं. बिरदेव ओशाळला. त्यानं टीव्ही खोडला.

बॅटरी आली, तशी आबांनी ती ओल्या फडक्यानं पुसून रंग निघतोय का बघितलं. नंबर कागदावर उतरवला. विळ्याच्या टोकानं बुडाला खूण केली.

बिरदेव हसला. "आबा, लगीन ठरीवताय का हिचं? पत्रिका बी मागवू?"

"ट्रकची जुनी बॅटरी रंगवून इकत्यात, माहीत हाय मला."

पहिले काही दिवस बल्ब व्यवस्थित लागला. मग एकदा पहाटे वीज गेली आणि दहाच मिनिटांत बल्ब लाल पडून विझला. सुप्रिया हातात चरवी घेऊन अंधारात तशीच उभी राहिली. आबा टॉर्च घेऊन धावले, आधी तिच्या पायाशी झोत टाकला. त्याच सकाळी दूध डेअरीवर दहा माणसांत ते म्हणाले, "बिरदेवनं गळ्यात जुनी बॅटरी मारली. चोर हाय त्यो."

ते बोलणं इंदापूरला पोचलं. दुसऱ्या दिवशी बिरदेव आला, राम राम न करता. आबांनी केलेली खूण त्यानं त्यांनाच दाखवली. मग काचेच्या नळीनं बॅटरीतलं पाणी ओढून तपासलं.

"नवीच हाय. उपाशी हाय. चार्जच झालेली न्हाय. तार कुणी हलीवली?"

चार्जिंगची तार त्यानं घरच्या मीटरवर जोडली होती. आता ती भिंतीच्या भोकातून बाहेर जाऊन शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या बॉक्समध्ये शिरली होती. शेतीचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळून बारा दिवस झाले होते. त्या लाईनला वीजच नव्हती.

सुप्रियानं मान खाली घातली. "ह्यांनी जोडली, मामंजी. घरचं बिल वाढंल म्हणून. शेतीच्या लाईनीला मीटर न्हाय."

आबा खाली बसले. म्हणाले, "बिरदेव, तेवढी तार नीट जोडून दे."

"देतो की. पण चोर म्हणालात ते दहा माणसांत. तितंच मागं घ्या, मग येतो."

तो गेला. संध्याकाळी रविराज स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उठला, तर आबांनी त्याला बॉक्स उघडू दिला नाही. त्याच्या हातावर आता त्यांचा भरवसा नव्हता.

पहाटे सुप्रियाच्या पुढं आबा टॉर्च घेऊन गोठ्यात जातात. वैरणीखाली, दाव्याखाली, सगळीकडं झोत मारतात, मग तिला आत बोलावतात. रोज दोनदा डेअरीवर जातात. बिरदेवचं नाव तोंडाशी येतं आणि माणसं बघून राहून जातं. तार अजून मोटारीच्याच लाईनवर आहे.