घरच्यासारखी

विनोदिनीबाईंकडे पाहुणे आले की चहा देता देता त्या म्हणायच्या, "ही चंदा. आमच्या घरचीच आहे हो." पाहुणे कौतुकानं माना हलवायचे आणि चंदा बाईंच्या म्हाताऱ्या सासऱ्याचं लघवीचं भांडं पदराआड धरून मोरीकडे जायची. घरची म्हणजे जिला रविवार नाही, एवढं तिला तीन वर्षांत पुरतं कळलं होतं.

ती जैनथकडची. नवरा गेल्यावर पोरीला आईजवळ ठेवून तिनं आदिलाबादला हे काम धरलं. बोली सकाळी नऊ ते संध्याकाळी सहाची होती. यशवंतरावांची उजवी बाजू लकव्यानं गेलेली, जीभ मात्र शाबूत. त्यांना पुसायचं, भरवायचं, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कूस बदलून द्यायची. पहिल्याच महिन्यात त्यांचा मुलगा आलोक म्हणाला, आज जरा थांब, बँकेत ऑडिट आहे. ऑडिट संपलं, थांबणं काही संपलं नाही. सहा महिन्यांत म्हाताऱ्याच्या पलंगाशेजारी तिची सतरंजी आली आणि रात्रीचं उठणंही तिच्याच गळ्यात पडलं. पगार होता तिथंच राहिला.

यशवंतराव सिमेंटच्या कारखान्यात युनियनचे सेक्रेटरी होते. दुपारी वरणभात भरवून घेताना ते संपाच्या गोष्टी सांगत. अठरा दिवस गेट बंद ठेवलं, आठ तासांवर काम झालं तर दुप्पट पैसे द्यायला लावले, मॅनेजरला कसा घाम फुटला. ओव्हरटाइम हा शब्द चंदाला त्यांनीच शिकवला. एका दुपारी तिनं चमचा थांबवून विचारलं,

"मंग माह्या ओव्हरटाइमचं काय, आबा?"

म्हाताऱ्यानं आधी तोंडातला घास गिळला.

"तुझं वेगळं आहे बाई. तो कारखाना होता. हे घर आहे."

तोवर त्या माणसाबद्दल तिच्या मनात थोडा मान उरला होता. तो तिथंच, वरणभाताच्या ताटापाशी संपला. तिनं त्यांचं तोंड रोजच्याइतक्याच हलक्या हातानं पुसलं. कामात खोट ठेवायला ती काही त्यांच्या जातकुळीची नव्हती.

संध्याकाळी तिनं आलोककडे विषय काढला. तो हसला. विनोदिनीबाईंनी डोळे पुसले, आम्ही तुला कधी परकं मानलं का, असं म्हणाल्या आणि दिवाळीला दिलेल्या साडीची आठवण करून दिली. त्या साडीवर निऱ्यांत हळदीचा जुना डाग होता. चंदानं ती साडी घरी नेऊन फरशी पुसायला काढली होती, पण ते सांगण्याइतकीही या बाईची किंमत तिला वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले. चंदानं हात धुतले, चपला घातल्या आणि जैनथची बस पकडली.

सकाळी बरोबर नऊला ती हजर झाली. म्हातारा ओल्या चादरीत तसाच पडलेला. सूनबाई नाकाला पदर लावून दारात उभ्या, आणि आलोक सोफ्यावर बसून आपली कंबर कशी धरलीये ते सांगत होता. एका माणसाचं हगणंमुतणं एक रात्र काढायला दोन पदवीधर कमी पडले होते. तेही सख्ख्या बापाचं. चंदा कामाला लागली आणि सहाला निघून गेली. असं पाच दिवस चाललं.

या पाच दिवसांत आलोकनं माणसं पुरवणाऱ्या दोन ठिकाणी चौकशी केली. रात्रीचा दर ऐकून त्याचा आवाज एकदम मऊ झाला. सहाव्या दिवशी त्यानं चंदाला हॉलमध्ये बोलावलं, चक्क खुर्चीवर बसायला सांगितलं आणि समजावू लागला, की घरच्या माणसानं घरच्यांकडे तासांचे पैसे मागणं बरं दिसत नाही.

चंदानं त्याला पुरतं बोलू दिलं.

"मी घरची आहो म्हन्ता ना साहेब. मंग माह्या पोरीचं नाव सांगा."

आलोकनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं पंख्याकडे.

"पिंकी ना गं?" विनोदिनीबाई म्हणाल्या.

"प्रणिता. नववीत हाय."

मग तिनं आपल्या अटी सांगितल्या. आठ तास काम, तासभर जेवणाची सुट्टी. त्यावर थांबवलं तर दुप्पट. रविवार तिचा. आणि हे सगळं कागदावर. नसेल जमत तर उद्यापासून दुसरी बाई पाहा. आलोकनं कुरकुरत कागद ओढला आणि लिहून सही केली. चंदानं ओळीवर बोट ठेवत तो सगळा वाचला.

"'मदत' लिवलं तुमी. ते खोडा. 'काम' लिवा."

त्यानं खोडलं. बँकेत लोकांना दहादा सह्या करायला लावणारा हा माणूस एक शब्द बदलताना कानापर्यंत लाल झाला, ते ती निवांत पाहत बसली.

आतून यशवंतरावांनी हाक मारली. ती गेली तर ते उशीवरून मान उचलून खूश दिसत होते. शाब्बास, लढल्याशिवाय काही मिळत नाही, मी तुला सांगतच होतो, असं म्हणाले. चंदानं त्यांच्या औषधाची गोळी काढली, त्यांच्या जिभेवर ठेवली आणि पाण्याचा पेला ओठाला लावला. निदान तेवढा वेळ तरी ते गप्प राहिले.

दुपटीचे पैसे आलोकला परवडेनात, म्हणून आठवड्यात त्यानं रात्रीसाठी भीमपूरची रंजीता ठेवली. पहिल्या संध्याकाळी चंदानं तिला मलम, गोळ्या, चादरी कुठं असतात ते दाखवलं. मग तिला बाजूला घेऊन सांगितलं, पिशवी खाली ठेवायच्या आधी साहेबाची सही घे. रंजीता पिशवी खांद्यावर तशीच ठेवून हॉलकडे गेली.